एका बाजूचे बाबा

दिघीपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही गावात जा. एक देऊळ, एक कोरडा नळ आणि एक टेनिस क्रिकेटची स्पर्धा सापडणारच. देवळाचं आणि नळाचं मला विचारू नका. स्पर्धेची मेडलं मी बनवतो.

आयटीआयला डायमेकिंग शिकलो, रोह्याकडे एका कारखान्यात चार वर्षं काढली आणि कारखान्याने मला काढल्यावर भंगारातून एक फ्लाय प्रेस उचलून आणली. फ्लाय प्रेस म्हणजे लोखंडी कमान, मधे जाड स्क्रू, वर आडवा दांडा आणि दांड्याच्या टोकाला नारळाएवढा लोखंडी गोळा. दांडा जोरात फिरवला की स्क्रू खाली येतो आणि ठोका बसतो. ती आमच्या गोठ्यात बसवली. त्याच वर्षी शेवटची म्हैस गेली होती. आईचं म्हणणं, म्हशीचा आवाज कमी होता आणि ती दूध तरी द्यायची.

डाय म्हणजे पोलादी ठसा. त्यात सगळं उलटं कोरायचं. अक्षरं आरशातली, नाक डावीकडे हवं तर उजवीकडे, आणि मेडलवर जे उंच यायला हवं ते डायमध्ये खोल. म्हणजे माणसाचा चेहरा करायचा तर मी चेहरा करत नाही, चेहऱ्याच्या आकाराचा खड्डा करतो. दोन हजार वर्षांपूर्वी राजांची नाणी पाडणारेही हेच करत होते. त्यांच्याकडे प्रेस नव्हती, हातोडा होता, आणि तरी त्यांनी नखाएवढ्या जागेत मिशीचे केस कोरले. राजा बहुतेक वेळा एका बाजूनेच दाखवायचे. त्याचं कारण मला पुस्तकात न वाचता कळलंय. समोरून कोरलेल्या चेहऱ्याचं नाक सगळ्यात उंच येतं आणि हाताळून हाताळून आधी तेच झिजतं. बिननाकाचा राजा बाजारात फिरलेला कुठल्या राजाला आवडेल?

आता दोन वर्षांपूर्वीची माझी चूक. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

बाबा, म्हणजे गावाचे दत्तूकाका, दिघी-आगरदांडा फेरीबोटीवर चौतीस वर्षं दोर टाकायला होते. बोट धक्क्याला लागायच्या आधी दोर फेकायचा, खांबावर बसवायचा आणि मागच्या गाडीवाल्याला शिवी न देता थांबवायचं, हे काम. निवृत्त झाले तेव्हा धक्क्यावर मांडव घालून सत्कार ठरला आणि सन्मानचिन्ह अर्थातच माझ्याकडे आलं. वेळ कमी होता. मी एका स्मृतिचषकाची जुनी डाय घेतली, त्यावरच्या मयत माणसाचं नाव घासून काढलं आणि तिथे बाबांचं नाव कोरलं. नावाच्या आधीचं 'कै.' राहून गेलं. उलटी अक्षरं रोज बघितली की माणूस वाचायचं सोडतो, नुसते खड्डे तपासतो. खड्डा चोख होता.

मांडवात निवेदकाने हातात आलं ते वाचलं. "कैलासवासी दत्तात्रेय यांना पुढील आयुष्यासाठी हार्दिक शुभेच्छा."

तिथे मी गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण माइक जवळ होता. मी म्हणालो, "निदान तारीख तरी टाकली नाही."

दोनशे माणसं हसली. खाडीपलीकडे ऐकू गेलं म्हणतात. पुढे आठवडाभर बाबा बाजारात दिसले की कोणी ना कोणी हात जोडून विचारायचं, काका, वर पाऊसपाणी कसं काय. बाबा एकदाही हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बोलणं बंद केलं असं नाही, ते आईमार्फत चालू होतं. मी शेजारी उभा असलो तरी आईला सांगायचे, त्याला म्हणावं गाडी सावलीत लाव. समोर जाऊन उभा राहिलो की मान फिरवायचे. दिवसभर ओट्यावर लोखंडी खुर्ची टाकून खाडीकडे तोंड करून बसायचे. गोठ्याचं दार त्यांच्या डाव्या हाताला. मी काम करता करता वर बघितलं की डावा कान, डावा गाल, आत ओढलेला खालचा ओठ आणि नाक.

दोन वर्षं मी माझ्या बापाला राजासारखा बघत होतो. एका बाजूने.

या जानेवारीत फेरीबोटवाल्यांनी स्पर्धा ठरवली, 'श्री. दत्तात्रेय चषक'. नाव मीच सुचवलं, मेडलं फुकट देतो म्हणालो. बत्तीस मेडलं, प्रत्येकावर बाबांचा चेहरा आणि चेहऱ्याखाली ठसठशीत 'श्री.' माफी मागायची मला दुसरी पद्धत येत नाही. तोंडाने मागायला गेलो तर मधेच विनोद होतो. अकरा दिवस खपून डाय कोरली. 'श्री.' आरशात धरून सात वेळा तपासला, आईला वाचायला लावला, टपालवाल्याला वाचायला लावला. चेहरा अर्थातच बाजूचा. दुसरा मला दिसतच नव्हता.

स्पर्धा रविवारी. गुरुवारपर्यंत पितळेच्या चकत्या आल्या नाहीत. कुरियरवाला रोज फोनवर सांगायचा, माल पनवेलला आहे. जगातली प्रत्येक वस्तू आयुष्यात एकदा पनवेलला अडकते.

शुक्रवारी सकाळी निकेत आला. निकेत माझा शाळेपासूनचा मित्र, जेसीबी चालवतो. खाडीच्या वरच्या अंगाला एका गावच्या तळ्यातला गाळ काढत होता, तिथे बकेटमध्ये एक फुटका घट आला आणि घटात शिशाच्या चकत्या. त्याला वाटलं कोणाच्या तरी पागाची शिसं असतील. पाग म्हणजे हाताने फेकायचं जाळं, त्याच्या काठाला वजन म्हणून शिसं लावतात. त्याने रंगाच्या डब्यात भरून आणली आणि म्हणाला, तुला चकत्या पायजेत ना, घे, मासे वाचले तर वाचले. एक्केचाळीस होत्या. ब्रशने धुतल्या. कडा वेड्यावाकड्या, रुंदी तीस मिलिमीटरच्या आसपास, एका बाजूला सपाट, दुसऱ्या बाजूला कोणाचं तरी डोकं. खूप झिजलेलं. एका बाजूचं.

पागाची शिसं नाहीत हे मला कळलं. खोटं कशाला सांगू? मी फोटो काढून जागृतीला पाठवले. जागृती माझी मामेबहीण, पुण्याला पुरातत्त्व शिकते. तिचं उत्तर येईना. शिसं मऊ असतं, थंड ठोक्यालाही छान ठसा घेतं. राजा कोण ते मला ठाऊक नव्हतं आणि मी कोण ते त्याला. म्हटलं, एक मारून बघू.

चकती ठेवली, दांडा फिरवला. ठक्. बाबा आले. पितळेवर आले नसते इतके सुंदर. कानाच्या पाळीवरची घडी, ओठाच्या कडेची वळी, सगळं. जुना राजा पार नाहीसा. मागे नंबर ठोकला, एक, आणि दुसरी चकती ठेवली.

सहाव्या मेडलला काहीतरी खटकलं. एकाशेजारी एक मांडून बघितली. नाकाचा शेंडा सरकला होता. व्हर्नियरने मोजलं. पहिल्या मेडलवर नाकापासून डाव्या कडेपर्यंत चार मिलिमीटर. दुसऱ्यावर चार पूर्णांक पस्तीस. तिसऱ्यावर चार पूर्णांक सत्तर. सहाव्यावर पावणेसहा. दर ठोक्याला पस्तीस शतांश. जुन्या नाण्यांवरही ठसा क्वचितच मधोमध बसतो, चकती हलते. पण चकती हलली तर सगळा चेहरा हलतो. इथे मागचं डोकं जागच्या जागी होतं. नाक सरकत होतं आणि कान बारीक होत होता.

सहाव्यावर, नाकाच्या पलीकडे, दुसऱ्या डोळ्याच्या पापण्या दिसायला लागल्या होत्या. त्या मी कोरलेल्या नव्हत्या.

मी शिकलेला माणूस आहे. डाय काढली, भिंगाखाली धरली. जशीच्या तशी. मेण दाबून बघितलं, मेणात एका बाजूचे बाबा. पितळेच्या एका जुन्या तुकड्यावर मारलं, तिथेही एका बाजूचे बाबा. पुन्हा चकतीवर मारलं. नंबर सात. सहा पूर्णांक एक.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. कप ठेवून ओट्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आज हे वाकडे बसलेत व्हय?"

मी वर बघितलं. खुर्ची खाडीकडे होती, पाय खाडीकडे होते. मान खाडीकडे नव्हती. बाबांच्या उजव्या भुवईचं टोक मला दिसत होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

मी पितळेचा तुकडा घेऊन ठोका मारला. बाबा हलले नाहीत. मग चकती ठेवली आणि त्यांच्याकडे बघत दांडा फिरवला. ठक्. मान सरकली. घड्याळाचा मिनिटकाटा सरकतो तेवढी, तितक्याच निमूटपणे. त्यांच्या हातात भाकरीचा तुकडा होता, तो तोंडाकडे जाताना थांबलासुद्धा नाही.

एखाद्याने प्रेस बंद केली असती. मी गणित केलं. मध्य पंधरा मिलिमीटरवर, नाक आता साडेसहाच्या आत, दर ठोक्याला पस्तीस शतांश. बत्तिसावं मेडल बरोबर समोरचं येत होतं. आयोजकांना बत्तीसच हवी होती. गणितात एवढं जुळून आलं की आमचे मास्तर म्हणायचे, पुन्हा तपास, कुठेतरी चुकलायस. मी तपासलं नाही. मला माझ्या बापाने माझ्याकडे बघायला हवं होतं, बाकी गणित मला नको होतं.

उन्हं उतरेपर्यंत चौदा झाली. मग जागृतीचा फोन आला. आधी तिने मला अर्धा तास कायदा सांगितला, की असं काही सापडलं तर तहसीलदाराला कळवायचं असतं. सोमवारी कळवतो म्हटलं. मग मेडलांबद्दल सांगितलं. वळण्याचं सांगितलं नाही, नुसतं जुन्यावर नवा ठसा मारला एवढंच. ती म्हणाली की हे करणारा तू पहिला नाहीस. नाशिकजवळ नहपान राजाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला होता, त्यातल्या हजारो नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातकर्णीने आपली चिन्हं ठोकलेली आहेत. नीट बघितलं तर चिन्हाखाली नहपानाचं नाक अजून दिसतं. "दादा, कोणाच्या तोंडावर ठसा मारणं हे कौतुक नसतं," ती म्हणाली. "ते जिंकणाऱ्याने हरलेल्याशी करायचं काम आहे."

मी म्हटलं, माझा राजा आधीच झिजला होता.

"झिजला नव्हता. फोटो मोठे करून बघ. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस चेहरे कोणीतरी मुद्दाम खरवडलेत. आणि आधी डोळे काढलेत. टोकदार हत्याराने, एकेक. नाणं बाद करायला त्यावर चीर मारतात, ते मी बघितलंय. डोळे काढलेलं नाणं मी कधी बघितलं नाही."

मी उरलेल्या चकत्या भिंगाखाली धरल्या. खरं होतं. एवढंसं भोक, नेमकं डोळ्याच्या जागी. काहींवर पहिला घाव हुकून गालावर पडला होता. मग आणखी एक गोष्ट दिसली. बहुतेक चकत्यांवर एक भोक होतं. काहींवर दोन होती, शेजारी शेजारी. एका बाजूने कोरलेल्या चेहऱ्याला दोन डोळे नसतात.

शनिवारी सकाळी आई गोठ्यात आली तेव्हा चौदावं मेडल माझ्या हातात होतं. तिने ते उजेडाला धरलं. आतापर्यंत पाऊण चेहरा आला होता. मी कोरलेला ओठ आत ओढलेला होता, रुसलेल्या माणसाचा. हा ओठ तसा नव्हता. हा कोपऱ्यातून किंचित वर उचलला होता आणि तरीही हसत नव्हता. आई म्हणाली, "हे असे बघत न्हाईत."

मी म्हटलं, दोन वर्षं कसेच बघत नाहीत.

"छत्तीस वर्षं लग्नाला झाली माज्या. मला मारायला धावले तवाबी असं बघितलं न्हाय. ठेव ते, सुजित. बघतील तुज्याकडं, त्यांचं ते बघतील कधीतरी. असं नको."

ती पहिल्यांदा माझ्यासमोर असं काही बोलली आणि मी तिला म्हटलं की रविवारी मेडलं द्यायची आहेत, लोक काय म्हणतील. दोनशे लोकांसमोर बापाला कैलासवासी करताना मला लोक आठवले नव्हते.

पंधरा. सोळा. सतरा.

बाबा ओट्यावर होते. आज खुर्चीही थोडी फिरली होती. पाय मात्र अजून खाडीकडेच.

वीस. दोन्ही डोळे दिसत होते. ते माझ्याकडे नव्हते, गोठ्याच्या दाराच्या चौकटीवर होते. कुंपणाशी बसलेली कुत्री उठून गेली.

पंचवीस. माझा हात दुखायला लागला. थांबलो असतो, पण थांबून त्यांना तसंच ठेवायचं? ना इकडे ना तिकडे?

अठ्ठावीस. दोन्ही कान सारखे.

तीस. नजर चौकटीवरून माझ्या खांद्यावर आली.

एकतीस.

मी दांड्याला धरून उभा राहिलो. खाडीत फेरीबोटीचा भोंगा झाला. आईने आत पातेलं खाली ठेवल्याचं ऐकू आलं.

बत्तीस.

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

मी दोन वर्षं या नजरेची वाट बघितली होती आणि काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. एकही विनोद नसलेलं वाक्य. ते आठवलं नाही. डोळे बाबांचेच होते, तपकिरी, उजव्यात तो लाल डाग. फक्त त्यांना मी कोण याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. खूप वेळ अंधाऱ्या जागी ठेवलेल्या माणसाला दार उघडणारा जो कोणी दिसेल त्याच्याकडे तो तसं बघेल.

"हसव," ते म्हणाले.

ते थांबले. विनोद आला नाही तेव्हा उठले, चपला घातल्या आणि धक्क्याकडे चालायला लागले. उतरणीच्या वाटेने चाळीस पावलं, मग शेजारच्या रघूच्या घरापाशी वळण. मी आणि आई ओट्यावर उभे राहून बघत होतो. ते लहान लहान होत गेले. टाचा दिसत होत्या, शर्टाची पाठ दिसत होती.

तोंड आमच्याकडेच होतं.

बारा वाजता कुरियरवाला पितळेच्या चकत्या घेऊन आला. सही मागितली, मी दिली.

रविवारी मी पितळेची मेडलं दिली, शनिवारी दुपारभर बसून पाडलेली. सगळ्यांवर एका बाजूचे बाबा. लोकांनी उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, हा कोण रे? मी म्हटलं, दत्तूकाका. लोक म्हणाले, काहीतरीच, काका कुठे असे दिसतात. बाबा व्यासपीठावर मधे बसले होते. मांडवाच्या डाव्या बाजूचे म्हणत होते, काका आज आमच्याकडेच बघतायत. उजव्या बाजूचे म्हणत होते, आमच्याकडे. स्पर्धेचा व्हिडिओवाला मागून शूटिंग करत होता, तो मधेच कॅमेरा बंद करून चहा प्यायला गेला तो आलाच नाही. निकेतने चार कोपऱ्यांतून चार फोटो काढले आणि मला दाखवून म्हणाला, काका काय फोटोजेनिक झालेत. मग त्याने चारही फोटो पुन्हा बघितले, मोबाइल खिशात ठेवला आणि घरी गेला. त्यानंतर तो आमच्याकडे आलेला नाही.

सोमवारी उरलेल्या नऊ चकत्या तहसीलदार कचेरीत जमा केल्या. पोचपावतीवर लिहिलंय, 'चेहरे अस्पष्ट'. बत्तीसबद्दल मी बोललो नाही. त्याच दिवशी बाबा धक्क्यावरच्या रंगूकडे केस कापायला गेले. रंगूच्या दुकानात पुढे एक आरसा आणि मागे एक. अर्ध्या तासाने बाबा तसेच परत आले. मी रंगूला जाऊन विचारलं. तो कात्री पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "मागनं कापायला घेतलं. पन मागचं सापडंना."

तेव्हा मी सेंटर पंच हातात घेतला.

बत्तिसावं मेडल ऐरणीवर ठेवलं. पंच म्हणजे टोकदार पोलादी खिळा, तो धरायचा आणि हातोडीचा एक घाव. ज्याने ती एक्केचाळीस नाणी तळ्यात टाकली त्याने हेच केलं असणार, आणि करताना त्याचा हात हुकला असणार. तो माझ्यासारखाच कोणीतरी कारागीर असेल. समोर त्याचा कोण होता ते मला माहीत नाही. कोणीतरी त्याच्याकडे बघायला हवं होतं, एवढं मात्र माहीत आहे.

मी पंचाचं टोक मेडलवरच्या डाव्या डोळ्यावर टेकवलं. नुसतं टेकवलं.

आतून आईची हाक आली. "सुजित, ह्यांच्या डोळ्यात काय गेलं रे? पानी थांबंना."

मी पंच खाली ठेवला.

नंतर पुन्हा दोनदा उचलला. एकदा तर हातोडीही उचलली. दोन्ही वेळा आतून बाबांचा आवाज आला. जुना आवाज, रुसायच्या आधीचा, दोर टाकताना मला लहानपणी मागे हो म्हणायचे तो. एवढंच म्हणाले, "सुज्या, नको." दुसऱ्या कोणाला काढता आला असता का तो आवाज? माहीत नाही. मी जागृतीला विचारलं नाही. डोळे काढणाऱ्यालाही असाच आवाज आला असेल आणि तरी त्याने एक्केचाळीस चेहऱ्यांवर घाव घातले, हे मी रोज स्वतःला सांगतो आणि रोज हातोडी जागेवरच राहू देतो. प्रेस मी विकायला काढली आहे.

बाबा आता ओट्यावर बसत नाहीत. घरात असतात. मी कुठेही असलो तरी माझ्याकडे बघत असतात आणि त्याच वेळी आईकडेही. ती चुलीपाशी असते, मी पडवीत असतो. दोन दिवसांतून एकदा म्हणतात, हसव. मी प्रयत्न करतो.

दुपारी जेवून झालं की चटईवर पालथे पडतात. पूर्वीसारखीच आई शेजारी बसून त्यांच्या पाठीला खोबरेल चोळते. खांद्यापासून कमरेपर्यंत हात नेते, मानेपर्यंत नेत नाही. तेवढा वेळ ती तोंड भिंतीकडे वळवून ठेवते. पडवीतून मला तिची एकच बाजू दिसते.